गंजलेली मॉरिस मायनर पुन्हा चालती करायची आहे – ठाणे / नवी मुंबई

कोपरीची_लेक

नमस्कार मंडळी. नौपाड्यातला मामांचा बंगला रिडेव्हलपमेंटला गेला आहे आणि मागच्या गॅरेजमध्ये त्यांची मॉरिस मायनर १००० उभी आहे. १९५८ सालची, चार दरवाजी, बीएमने सुरू होणारा जुना मुंबईचा नंबर. मामा गेले. मामी म्हणाल्या, "तू घे, पण भंगारात घालू नकोस." बिल्डरला पावसाळ्याआधी जागा रिकामी हवी आहे.

गाडीची अवस्था अशी: चारही टायर बसलेले, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबला तर आत जातो, हँडल लावून इंजिन जरासुद्धा फिरत नाही, ब्रेकचं पेडल थेट खाली. वायरिंगचं कापड हात लावला की गळतं. वरून मात्र गाडी चांगली दिसते, कारण मामांनी उभी करण्याआधी एका गॅरेजमधून डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं.

मला प्रदर्शनात ठेवायची गाडी नको आहे. रविवारी सकाळी मामींना बसवून येऊरच्या पायथ्यापर्यंत नेता आली पाहिजे, एवढंच. पैसे पगारातून थोडे थोडे घालणार. सुरुवात कुठून करू? ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, आधी इंजिन चालू करून बघू.

जुनापाना

ताई, इंजिन शेवटी. तुमच्या मेकॅनिकचा हेतू चांगला असेल, पण इंजिन सुरू झालं की सगळ्यांना घाई सुटते. मग कुजलेल्या तळाची, ब्रेक नसलेली गाडी कोणीतरी गेटपर्यंत "जरा" नेतो. वागळे इस्टेटमध्ये माझी नोकरी गेली आणि संध्याकाळी अशाच गाड्या केल्या, त्या अनुभवावरून सांगतो. क्रम असा ठेवा: तळ आणि सांगाडा, मग ब्रेक आणि पुढची चाकं, मग वायरिंग, मग इंजिन. रंग सगळ्यात शेवटी, तोही दसऱ्यानंतर.

दोन गोष्टी सांगा. पुढची काच एकसंध आहे की मधून पट्टी? आणि बॉनेटखालच्या प्लेटवर काय लिहिलं आहे?

कोपरीची_लेक

काका, काच एकसंध आणि वाकलेली. प्लेटवर मॉरिस मोटर्स, काउली, ऑक्सफर्ड असं वाचता येतं. दारांच्या मधल्या खांबात दिशा दाखवणारे छोटे हात आहेत. डावा अर्धवट बाहेर येऊन अडकला आहे.

जुनापाना

म्हणजे विलायतेत बनलेली, ९४८ सीसी ए-सिरीज इंजिनवाली. दुभंगलेली काच १९५६ मध्ये गेली, तेव्हाच हे इंजिन आलं. त्याआधी ८०३ सीसी होतं, आणि अगदी सुरुवातीच्या १९४८ च्या गाड्यांना ९१८ सीसीचं साइड व्हॉल्व्ह. सुटे भाग मागताना साल आणि सीसी दोन्ही सांगा. ते खांबातले हात ट्रॅफिकेटर. फेकू नका, दुरुस्त होतात.

स्पष्टवक्ता_पनवेल

भावना समजू शकतो, पण खर्चाचा विचार करा. एवढ्या पैशात चांगली सेकंडहँड हॅचबॅक येईल, एसीसकट. गंज लागलेला पत्रा म्हणजे न संपणारं काम. आठवण म्हणून स्टिअरिंग व्हील आणि नंबरप्लेट काढून घ्या, बाकी सोडून द्या.

कोपरीची_लेक

तुमचा हिशेब चुकीचा नाही. पण ऑफिसला जायला मला लोकल आहे, हॅचबॅकची गरज नाही. याच गाडीतून मामांनी माझ्या आईला लग्नानंतर सासरी सोडलं होतं आणि मामी अजून तिच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. दुरुस्त होण्यापलीकडे गेली असेल तर मी ऐकेन, पण आधी बघायचं आहे.

पत्र्याचा_माणूस

मग बघूया. मी रबाळे एमआयडीसीत शीटमेटलचं काम करतो. तुम्ही येण्याआधी घरच्या घरी ही तपासणी करा.

मायनरला वेगळी चासी नाही. बॉडी हाच सांगाडा, त्यामुळे तळ कुजला की गाडीची ताकदच गेली. एक लोहचुंबक पातळ फडक्यात गुंडाळा आणि दारांखालच्या लांब पेटीवरून, म्हणजे सिलवरून, हळूहळू फिरवा. जिथे चुंबक पकडत नाही तिथे पत्रा नाही, लांबी (भरावाची पुट्टी) आहे. मग गाडीखाली जाऊन जुन्या स्क्रूड्रायव्हरने टोचा. पुढच्या सीटखालून आडवा जाणारा क्रॉसमेंबर सगळ्यात महत्त्वाचा, कारण पुढच्या सस्पेन्शनचे टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारे दांडे, मागच्या टोकाला तिथेच अडकवलेले असतात. त्यानंतर मागच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंगची) पुढची टोकं जिथे बॉडीला धरली आहेत ती जागा, पुढचे दोन लेग (तळाला लांबीच्या दिशेने जाणाऱ्या पोकळ पेट्या), जॅक लावायच्या जागा, आणि दाराच्या बिजागरीखालचा खांबाचा तळ.

छप्पर, बॉनेट, डिकी यांवरच्या फोडांनी घाबरू नका. ते दिसायला वाईट असतात, पण धोका खाली असतो. आणि टोचताना मन घट्ट ठेवा. आरपार जाईल तिथे जाऊ द्या.

एक विनंती. गाडी चाकांवर ओढत आणू नका. फ्लॅटबेड बोलवा. पुढची चाकं का, ते जुनापाना काका सांगतील.

नेरुळची_हेराल्ड

माझ्याकडे स्टँडर्ड हेराल्ड ही अशीच जुनी गाडी आहे, म्हणून धागा आवडीने वाचते आहे. पार्ट शोधताना एक धोका आत्ताच लक्षात ठेवा. हेराल्डचं जुनं इंजिनही ९४८ सीसीच आहे. बोअर ६३ मिमी, स्ट्रोक ७६. मायनरचं ६२.९ आणि ७६.२. कागदावर जुळी भावंडं वाटतात, पण एक स्टँडर्ड कंपनीचं आणि दुसरं ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, पिस्टनपासून गॅसकेटपर्यंत काहीही एकमेकांना बसत नाही. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला "नाइन फोर्टीएट का है, लग जाएगा" म्हणून कोणी हातात ठेवलं तर जुना पार्ट शेजारी धरून मापल्याशिवाय पैसे देऊ नका.

कोपरीची_लेक

अपडेट. गाडी रबाळ्याला पोचली. पत्र्याचा_माणूस दादांनी शेडचा एक कोपरा दिला आहे. चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी आहे.

चुंबक फिरवला. डाव्या सिलवर तो जवळजवळ कुठेच चिकटला नाही. दादांनी छिन्नी लावून एक ढलपी काढली, ती मी हातात घेऊन बघितली. बाहेर मामांनी मारून घेतलेला क्रीम रंग, त्याखाली करडा प्रायमर, त्याखाली बोटाएवढी जाड गुलाबी लांबी, तिच्या आत फायबरची जाळी, आणि जाळीच्या मागे तपकिरी भुगा. पत्रा नव्हताच. सिलच्या आतल्या पोकळीत ओला चिखल साचलेला होता आणि पाणी बाहेर जायची भोकंही लांबीने बुजवली होती. उजवीकडे तेच, थोडं कमी. क्रॉसमेंबरचं उजवं टोक पापुद्र्यासारखं सुटतंय. मधला भाग घट्ट आहे. पुढचे लेग चांगले, मागच्या पाट्यांच्या जागा एका बाजूला खराब.

ज्या गॅरेजने ते काम केलं होतं त्यांच्याबद्दल मामांना खूप विश्वास होता. मला त्याचंच वाईट वाटलं. पैसे पूर्ण कामाचे घेतले होते, मामींकडे पावती आहे.

पत्र्याचा_माणूस

मी स्वतः पाहिलं आहे, म्हणून सगळ्यांसाठी लिहितो: ही गाडी वाचते. क्रॉसमेंबरचा मधला भाग आणि पुढचे लेग चांगले असणं हे नशीब.

काम कसं करणार, ते सविस्तर सांगतो, कारण बरेच डेंटर इथेच घोटाळा करतात. सिल कापण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटीत आडवे-तिरपे चौकोनी पाइप टाके मारून बसवायचे. नाहीतर सिल निघाला की बॉडी मधून वाकते आणि नंतर कितीही ठोकलं तरी दार बसत नाही. दारं लावून फटी मापायच्या, लिहून ठेवायच्या. एका वेळी एकच बाजू. डावी पूर्ण झाल्याशिवाय उजवीला ग्राइंडर लावायचा नाही.

पत्रा सीआरसीए (थंड लाटलेला), कळंबोलीच्या लोखंड बाजारातून. तळाला आणि सिलला १८ गेज, म्हणजे साधारण १.२ मिमी. बाहेरच्या दिसणाऱ्या भागाला २० गेज. क्रॉसमेंबरच्या टोकाला १६. वेल्डिंग सीओटूचं, म्हणजे विजेच्या तारेचं, गॅसच्या ज्योतीने नाही. गॅसची आंच पसरते आणि पातळ पत्रा लाटा मारतो. एका जागी सलग ओढ घ्यायची नाही, एक टाका इथे, पुढचा वीतभर लांब, मग परत मध्ये. मागे तांब्याची पट्टी धरली की भोक पडत नाही आणि उष्णता खेचली जाते.

कापायच्या आधी पेट्रोलची टाकी आणि पाइप गाडीतून काढून शेडच्या बाहेर. रिकाम्या टाकीत वाफ असते आणि भरलेल्या टाकीपेक्षा तीच जास्त घातक. जुना रंग कोरडा घासताना मास्क, कारण त्या काळच्या रंगात शिसं असायचं.

आतल्या पोकळ्यांना वेल्डिंगनंतर मेण मारायचं. ठाण्याच्या खाडीची हवा आणि जून ते सप्टेंबरचा पाऊस, इथे बाहेरून कितीही रंग मारा, गंज आतूनच येतो. आणि पाण्याची भोकं उघडी ठेवायची!

अभियंता_ऐरोली

छोट्या भागांसाठी विजेची पद्धत वापरून बघा. ब्रॅकेट, बिजागऱ्या, बंपरचे नट यांवर छान चालते. प्लास्टिकच्या टबात पाणी, त्यात धुण्याचा सोडा, बॅटरी चार्जरची निगेटिव्ह तार गंजलेल्या भागाला आणि पॉझिटिव्ह तार एखाद्या टाकाऊ लोखंडी पट्टीला. गंज सुटतो, चांगल्या धातूला धक्का लागत नाही. दोन पथ्यं: पट्टी स्टेनलेसची कधीही नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि टब उघड्यावर ठेवा, कारण हायड्रोजन निघतो. बाहेर काढल्यावर लगेच वाळवून प्रायमर, नाहीतर आपल्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होतं.

टर्बो_खारघर

सगळं छान, पण जुन्या इंजिनाचा हट्ट कशाला? छोट्या मारुतीचं इंजिन आणि गिअरबॉक्स बसवा, पार्ट कुठेही मिळतात, अॅव्हरेज दुप्पट. किंवा सरळ इलेक्ट्रिक करा. मायनरची जागा त्यासाठी झकास आहे.

वाशीचा_वकील

टर्बो, तांत्रिकदृष्ट्या शक्य असेल, पण कागदांचं काय? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी आणि नोंद लागते. शिवाय पुढे विंटेज नोंदणी घ्यायची असेल तर ती दारंच बंद होतील.

धागाकर्त्या ताईंसाठी कागदांचं सगळं एकत्र लिहितो.

पहिलं काम गाडी तुमच्या नावावर येणं. मालक वारले असल्याने फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती. मामींच्या नावे करून मग तुमच्याकडे, की थेट, हे आरटीओत विचारून घ्या. गाडीचं आरसी बुक जुनं हाताने लिहिलेलं असणार आणि ऑनलाइन वाहन प्रणालीत नोंदच नसेल, तर आधी बॅकलॉग एन्ट्री करून घ्यावी लागते. ती झाल्याशिवाय पुढचा एकही अर्ज हलत नाही, नवी सुरक्षा नंबरप्लेटसुद्धा मागवता येत नाही.

नंतर दोन रस्ते. एक, खासगी गाडीचं नेहमीचं नूतनीकरण. फॉर्म २५, गाडी पासिंगला न्यायची, पर्यावरण कर भरायचा, पाच वर्षांची मुदत मिळते आणि गाडी रोज वापरता येते. दुसरा, २०२१ मध्ये केंद्राने आणलेली विंटेज नोंदणी. गाडी ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार नसावेत. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं, नूतनीकरण ५,००० रुपयांत पाच वर्षांसाठी. आधीच नोंदलेल्या गाडीला तिचा जुना नंबर ठेवता येतो. पण अशी गाडी रोजच्या वापराला चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच.

तुम्हाला मामींना रविवारी फिरवायचं आहे. तेव्हा माझा स्पष्ट सल्ला पहिल्या रस्त्याचा. दिल्लीतल्या दहा-पंधरा वर्षांच्या बंदीची बातमी वाचून कोणी घाबरवलं तर ती आपल्याकडे लागू नाही.

आणि सिलच्या कामाचे कापण्याआधीचे, कापल्यानंतरचे, जोडल्यानंतरचे फोटो तारखेसह ठेवा. मूळ आकारात पत्रा बदलला आहे हे दाखवता आलं पाहिजे.

टर्बो_खारघर

कलम ५२ चा मुद्दा मान्य. मूळ इंजिनच करा मग.

जुनापाना

आता पुढची चाकं. फ्लॅटबेडबद्दल दादांनी लिहिलं, ते याच्यासाठी.

मायनरच्या पुढच्या चाकाला उभा स्विव्हल पिन असतो आणि त्याच्या खालच्या टोकाला आटे. त्यावर खालचा ट्रनियन नटासारखा फिरवून बसवलेला असतो. तुम्ही स्टिअरिंग वळवता तेव्हा पिन त्या आट्यांतच फिरतो. आणि गाडीच्या त्या कोपऱ्याचं सगळं वजन या आट्यांवर लोंबतं. ग्रीस मिळालं तर वर्षानुवर्षं काही होत नाही. कोरडे पडले तर आटे झिजून भुगा होतात आणि एक दिवस वळणावर पिन ट्रनियनमधून सुटतो. चाक मडगार्डखाली दुमडतं आणि गाडी नाकावर बसते. मी हे घोडबंदर रोडला डोळ्यांनी पाहिलं आहे. सुदैवाने वेग नव्हता.

तपासायचं कसं: चाक जमिनीपासून उचला, टायरखाली पहार घालून वर-खाली करा आणि दुसऱ्या माणसाने टॉर्चने खालच्या जोडाकडे बघायचं. उभी ढिलाई दिसली तर सेट बदलायचा, दुसरा विचार नाही. एवढी वर्षं उभ्या गाडीत तर मी म्हणेन, दिसो न दिसो, खोलाच. आट्यांमध्ये काय उरलं आहे ते बाहेर काढल्याशिवाय कळत नाही. लेथवर आटे पुन्हा पाडून चालवायची कल्पना कोणी दिली तर नको म्हणा. हा भाग नवाच हवा.

अँबॅसेडर केलेला जुना मेकॅनिक शोधा. तीही मॉरिस ऑक्सफर्डचीच लेक, तिलाही टॉर्शन बार आणि ट्रनियन होते. अशा माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कळवा-मुंब्र्याकडे अजून एक-दोन जण काम करतात. सगळी वयस्कर माणसं आहेत, त्यांच्याकडून शिकून घ्या.

नेरुळची_हेराल्ड

इथे एक फरक. हेराल्डच्या ट्रनियनमध्ये ग्रीस नाही, गिअर ऑइल भरतात. मायनरला ग्रीसच. दोन्ही गाड्या करणारे लोक सवयीने उलट करतात. तुमच्या मेकॅनिकला कागदावर लिहून द्या.

कोपरीची_लेक

ट्रनियन खोलले. उजवा चांगला होता. डाव्याचे आटे टोकाला धारदार झाले होते, बोट फिरवलं की टोचत होते, आणि वाळलेल्या ग्रीसमध्ये चकाकणारा धातूचा चुरा. दोन्ही बाजूंचे नवे मागवले, ब्रिटनमधून. ब्रेकचे किट आणि दारांखालच्या सिलचे पत्रेही तिथूनच. या गाडीचे पत्रे आणि रबर तिथे अजून नवे बनतात याचं मला नवल वाटलं. कस्टमची ड्यूटी धरून ठेवा, ती वेगळी येते.

डावा सिल पूर्ण झाला आहे. दार दोन बोटांनी लोटलं की "टक्" आवाज करून बसतं. मामींना व्हिडिओ पाठवला, त्यांनी तो शेजारणींना दाखवला.

आता ब्रेक. मास्टर सिलिंडर कुठे आहे तेच आधी सापडेना!

जुनापाना

ड्रायव्हरच्या पायाखाली. कार्पेट उचला, फ्लोअरवर छोटं झाकण दिसेल, तेल तिथून भरतात. सिलिंडर स्वतः खालच्या लेगच्या पोकळीत बसलेला आहे. तो काढताना मेकॅनिक वैतागणार हे आधीच सांगतो: त्याचे बोल्ट बाहेर ओढायला गेलं की टॉर्शन बार आडवा येतो. घाईत कोणी बारवर हातोडा किंवा ग्राइंडर चालवू नये. टॉर्शन बारवर एक ओरखडा पडला तरी तिथून तो तुटू शकतो. बार रीतसर सैल करून बाजूला घ्या, आणि परत बसवताना बोल्ट उलट्या दिशेने घाला, म्हणजे पुढच्या वेळी त्रास नाही.

सिलिंडरच्या आत खड्डे पडले असतील तर नुसतं रबर किट घालून भागत नाही, महिन्याभरात गळतं. आत स्टेनलेसची स्लीव्ह घालून घ्या, किंवा नवा घ्या. चाकांवरचे सिलिंडरही तसेच. लोखंडी ब्रेक पाइप सगळे बदला, रबरी होज सगळे बदला. मायनरला एकच सर्किट आहे. कुठेही एक होज फुटला तर चारही चाकांचा ब्रेक जातो, मग फक्त हँडब्रेक उरतो. म्हणून हँडब्रेकची केबलही आत्ताच बघा.

विजेचा_कारभार

वायरिंगचं मी सांगतो. या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला असतो. आजचा कोणताही इलेक्ट्रिशियन सवयीने मायनस बॉडीला लावणार, तेव्हा बॅटरीवर लाल रंगात लिहून ठेवा. एलईडी बल्ब किंवा मोबाइल चार्जर लावायचे असतील तर ध्रुव बदलून घेता येतात, मग कॉइलच्या दोन तारा अदलाबदल करायच्या आणि डायनामोला नव्या दिशेचा क्षणभर करंट द्यायचा, म्हणजे तो उलटा चार्ज करणार नाही.

कापडी वायर पूर्ण काढा. सांधत बसू नका. मूळ गाडीत फ्यूज दोनच आणि हेडलाइटला फ्यूजच नाही. नव्या वायरिंगमध्ये वेगळा फ्यूज आणि रिले घाला, दिसणार नाही असा बसवता येतो. ट्रॅफिकेटर ठेवा, पण आजच्या वाहतुकीत खांबातून बाहेर येणारा हात दुचाकीवाल्याच्या लक्षात येत नाही. त्यासोबत पुढे-मागे लुकलुकणारे इंडिकेटर हवेतच. ठाणे-बेलापूर रोडला तर नक्कीच.

कोपरीची_लेक

ट्रॅफिकेटर दुरुस्त झाला. आतलं तेल डिंकासारखं घट्ट झालं होतं. रॉकेलने धुऊन शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब टाकला आणि स्विच दिल्यावर तो नारिंगी हात सरळ बाहेर आला. शेडमधली सगळी मुलं बघायला जमली.

आता इंजिनाची परवानगी मिळाली का?

जुनापाना

मिळाली!

प्लग काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण ओता आणि विसरून जा. रोज जाऊन हँडल मारायचं नाही. आठवडा-दीड आठवड्यानंतर वरचं झाकण काढून आधी व्हॉल्व्ह वर-खाली होतात का पाहा. एखादा अडकलेला असताना जोर लावला तर पुशरॉड वाकतो. मग हँडल हळू, मागे-पुढे. गिअरमध्ये टाकून ढकलणं तर मुळीच नको, रिंगा तुटतात.

फिरलं तरी लगेच सुरू करू नका. खालचं चेंबर उतरवून गाळ काढा, नवं २०-५० ऑइल घाला, प्लग बाहेर असतानाच सेल्फ मारून ऑइलचं प्रेशर येऊ द्या. या गाडीला फक्त दिवा आहे, म्हणून तात्पुरता गेज लावा. गरम इंजिन धावताना साधारण ६० पीएसआय दाखवलं तर बेअरिंगा चांगल्या. टॅपेट थंड असताना १२ थाउ (इंचाचा हजारावा भाग), पॉइंटची फट १५ थाउ, प्लगची २५. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

नेरुळची_हेराल्ड

आणि पेट्रोल! यावर हल्ली कोणी बोलत नाही. आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलवालं. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, आतून सुटतात आणि एसयू कार्ब्युरेटरमध्ये काळा चिखल जातो. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंत सगळा पाइप इथेनॉल सोसणारा घ्या, स्वस्तातला नको. गळलेलं पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर पडतं, म्हणून हा सुरक्षेचाच मुद्दा आहे. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, तेव्हा गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी तशीच ठेवू नका.

मिश्रण थोडं पातळ पडतं. एसयूच्या खालचा जेटचा नट एक-दोन टप्पे खाली घेतला की इंजिन शांत होतं. वरच्या डँपरमध्ये तेल आहे ना तेही बघा, नाहीतर अॅक्सिलरेटर दाबला की धक्के देते.

हेड उघडलंच तर एग्झॉस्टच्या व्हॉल्व्ह सीट कडक धातूच्या बसवून घ्या. जुन्या पेट्रोलमधलं शिसं त्या बिडाच्या सीटना जपायचं, आणि ते २००० सालापासून देशभर बंद झालं. रविवारी फिरवण्यापुरतं तसंही चालेल, पण हेड हातात असताना करून घेतलेलं बरं.

कोपरीची_लेक

सुरू झाली.

हँडल फिरलं तेव्हाच शेडमधल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. चारही सिलिंडरचं काँप्रेशन जवळपास सारखं आलं, त्यामुळे बोअरिंगची गरज पडली नाही. हेड उघडलं होतं, सीट बदलल्या. सुरुवातीला पांढरा धूर, मग तो गेला. प्रेशर गरम असताना ५५ च्या वर. एग्झॉस्टचा तो पुटपुटणारा आवाज मामींनी फोनवरच ओळखला.

बॅकलॉग एन्ट्री झाली आहे, नावाचा अर्ज दिला आहे, पासिंग अजून व्हायचं आहे. तोवर रस्त्यावर काढलेली नाही, फक्त शेडच्या आवारात पुढे-मागे चालवते. रंग पावसानंतर. सध्या अंगावर करडा एपॉक्सी प्रायमर आहे.

एक अडचण. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. तेल गळत नाही, हवा पूर्ण काढली आहे, टायरची हवा दोन्हीकडे सारखी. काय बघू?

पत्र्याचा_माणूस

मी रोज बघतो आहे. ताईंनी स्वतः ग्राइंडर धरून उजव्या क्रॉसमेंबरचा पॅच घासला, हे त्या लिहिणार नाहीत म्हणून मी लिहितो. काम पक्कं आहे.

जुनापाना

डावीकडे ओढते म्हणजे उजवा पुढचा ब्रेक कमी धरतो आहे. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन अॅडजस्टर असतात, मागे एकेक. बहुतेक मेकॅनिक सवयीने पुढेही एकच फिरवतात आणि दुसरा शू ड्रमपासून लांबच राहतो. चाक उचला, ड्रममधल्या भोकातून स्क्रूड्रायव्हर घालून पहिला अॅडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा, मग मोकळं होईल एवढा एक टप्पा मागे. ड्रम फिरवून भोक दुसऱ्या अॅडजस्टरसमोर आणा आणि तेच करा. दोन्ही बाजूंना. तरीही ओढत असेल तर उजवा ड्रम काढून लायनरवर ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लागलं आहे का पाहा. चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरताना जास्त झालं तर ते तिथपर्यंत पोचतं. लायनर तेलकट असेल तर घासून वापरू नका, दोन्ही बाजूंचे नवे लावा.

पासिंगच्या आदल्या दिवशी हे पुन्हा एकदा करा, नवे शू बसताना सैल पडतात.